केंटकी ते नगर: पहिल्या मंडळीच्या शोधाची गोष्ट

अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे बोलण्यातल्या नगर जिल्ह्यात, ख्रिस्ती वस्ती जुनी आहे आणि तिच्यात विविधताही मोठी आहे. शहरातले ह्यूम मेमोरियल चर्च अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतले. बूथ हॉस्पिटल साल्व्हेशन आर्मीचे. श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला सप्टेंबरमध्ये भरणारी मतमाउलीची यात्रा कॅथलिकांची. शिवाय गेल्या काही दशकांत पत्र्याच्या शेडमध्ये किंवा भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या स्वतंत्र मंडळ्या आहेतच. एका ठिकाणी तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा देतात. दुसरीकडे जाणत्या वयात आल्यावर पूर्ण पाण्यात बुडवूनच देतात. साल्व्हेशन आर्मीत बाप्तिस्म्याचा विधीच नाही. काही मंडळ्या रविवारी उपासना करतात, तर पुण्यातल्या स्पायसर विद्यापीठामुळे अनेकांना माहीत असलेले सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट शनिवार पाळतात.

बायबल एकच, येशू एकच, मग रीती इतक्या वेगळ्या का? या प्रश्नाचे एक ठोक उत्तर नाही. पण त्याचा एक भाग एका विलक्षण अमेरिकी चळवळीच्या इतिहासात दडला आहे. मधल्या शतकांत साचलेले सगळे बाजूला सारून येशूच्या प्रेषितांच्या काळातली पहिली मंडळी पुन्हा उभी करायची, असा या चळवळीचा आग्रह होता. तिला पुनर्स्थापना चळवळ म्हणू. सगळ्या ख्रिस्ती लोकांना एकत्र आणण्यासाठी ती सुरू झाली आणि तिच्यातूनच नवनवे पंथ निघाले. असे का घडले, हे समजून घेण्यासारखे आहे. त्याचे धागे नगर जिल्ह्यापर्यंत कसे पोहोचतात, हे तर त्याहून अधिक.

अमेरिकेतच हे का घडले?

युरोपात चर्च आणि राज्यसत्ता यांची शतकानुशतके सांगड होती. इंग्लंडात अँग्लिकन चर्च राजाश्रयाचे, स्कॉटलंडात प्रेसबिटेरियन. माणूस ज्या गावात जन्मला त्या गावच्या चर्चमध्ये त्याचे नाव लागायचे. अमेरिकेत 1791 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने केंद्र सरकारला कोणतेही चर्च सरकारी म्हणून स्थापण्यास मनाई केली. काही राज्यांनी आपापली सरकारमान्य चर्चे त्यानंतरही चालू ठेवली. त्यांतले शेवटचे मॅसॅच्युसेट्स, आणि तिथेही 1833 मध्ये ही व्यवस्था संपली. यानंतर चर्चला लोकांवर हक्क सांगता येईना, त्यांची मने जिंकणे भाग पडले.

दुसरे कारण भूगोलाचे. लोक पश्चिमेकडच्या नव्या मुलखात, केंटकी, ओहायो, टेनेसीत, जंगल तोडून शेती करत होते. तिथे शिकलेले पाळक मोजके होते. शेजारी एक प्रेसबिटेरियन, दुसरा बॅप्टिस्ट, तिसरा मेथडिस्ट. युरोपातून आणलेली भांडणे या नव्या मुलखात निरर्थक वाटू लागली. घराघरात बायबल होते आणि ते वाचता येणारी माणसेही होती. ज्या लोकांनी राजा झुगारून दिला होता, त्यांना धर्मातही मधला अधिकारी नको होता. ‘ग्रंथ माझ्या हातात आहे, मला तो समजतो’ हा विश्वास या चळवळीचा पाया ठरला.

केन रिज: आठवडाभराची सभा, मग एक मृत्युपत्र

ऑगस्ट 1801. केंटकीतल्या केन रिज या ठिकाणी प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकरी आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या, निमित्ताने सभा भरली आणि जवळजवळ आठवडाभर चालली. आलेल्या लोकांच्या संख्येचे अंदाज दहा ते वीस हजारांच्या घरात जातात. तेव्हा राज्यातले सगळ्यांत मोठे गाव असलेल्या लेक्सिंग्टनची वस्ती दोन हजारांच्या आत होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या गर्दीचा अर्थ कळतो. वेगवेगळ्या पंथांचे उपदेशक बैलगाड्यांवर, झाडाच्या ओंडक्यांवर उभे राहून एकाच वेळी बोलत होते. लोक रडत होते, कोसळत होते, गात होते.

सभेचे यजमान होते प्रेसबिटेरियन पाळक बार्टन स्टोन. त्यांना एक गोष्ट टोचली. पंथाचा शिक्का न पाहता लोकांचे हृदयपरिवर्तन होत असेल, तर पंथांच्या सीमा देवाने आखल्या आहेत असे कसे म्हणायचे? वरिष्ठ मंडळाशी वाद झाल्यावर स्टोन आणि त्यांच्या सोबत्यांनी स्प्रिंगफील्ड प्रेसबिटरी हे स्वतःचे मंडळ काढले. प्रेसबिटरी म्हणजे अनेक मंडळ्यांवर देखरेख करणारे, पाळकांचे आणि ‘वडिलांचे’ म्हणजे मंडळीतल्या ज्येष्ठ कारभाऱ्यांचे मंडळ. पण असे मंडळ काढणे म्हणजे आणखी एक पंथ जन्माला घालणे, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आले. मग 28 जून 1804 रोजी त्यांनी एक अनोखा दस्तऐवज जाहीर केला. तो होता त्या मंडळाचे मृत्युपत्र. आमचे हे मंडळ मरावे आणि ख्रिस्ताच्या एका शरीरात विलीन व्हावे, अशी इच्छा त्यात नोंदवली होती. त्यानंतर हे लोक स्वतःला फक्त ख्रिस्ती म्हणवू लागले.

कॅम्पबेल पितापुत्र

दुसरा प्रवाह पेनसिल्व्हेनियात निघाला. थॉमस कॅम्पबेल 1807 मध्ये आयर्लंडहून आले. ते प्रेसबिटेरियनांच्या एका फुटीर शाखेतल्या पाळकांपैकी. स्कॉटलंडातल्या राजकीय शपथांवरून फुटलेली ही शाखा इतर प्रेसबिटेरियनांबरोबर प्रभुभोजनालाही बसत नसे. कॅम्पबेल यांनी पश्चिम पेनसिल्व्हेनियात इतर शाखांच्या लोकांनाही प्रभुभोजनात सामावून घेतले, म्हणून त्यांच्यावर कारवाई झाली. ते बाहेर पडले आणि 1809 मध्ये त्यांनी एक जाहीरनामा लिहिला. त्याचा गाभा सोपा होता. पृथ्वीवरची ख्रिस्ताची मंडळी मुळात एकच आहे. फूट हे पाप आहे. जे पवित्र शास्त्रात स्पष्ट आहे तेवढेच सर्वांवर बंधनकारक ठेवावे, आणि माणसांनी रचलेल्या मतांगीकारांच्या आधारे कुणाला आत-बाहेर करू नये. मतांगीकार म्हणजे ‘आमचा विश्वास असा’ हे कलमवार सांगणारे, पंथाने मंजूर केलेले निवेदन.

त्यांचा मुलगा अलेक्झांडर त्याच वर्षी अमेरिकेत आला. निघण्यापूर्वी ग्लासगोत असताना त्यालाही हाच काच जाणवला होता. तिथे प्रभुभोजनाला बसण्यासाठी परीक्षा देऊन धातूचे एक नाणे मिळवावे लागे. अलेक्झांडरने ते मिळवले, ताटात टाकले आणि प्रभुभोजन न घेताच तो निघून गेला. वडिलांचा जाहीरनामा हाती आला तेव्हा दोघेही समुद्राच्या दोन काठांवर राहून एकाच निष्कर्षाला पोहोचल्याचे त्यांना दिसले.

यानंतर एकेक प्रथा शास्त्रावर तपासून पाहणे सुरू झाले. 1812 मध्ये अलेक्झांडरला मुलगी झाली आणि बाळाचा बाप्तिस्मा करायचा का, हा प्रश्न घरातच उभा राहिला. नव्या करारात बाळाच्या बाप्तिस्म्याचे स्पष्ट उदाहरण त्याला सापडले नाही. त्याच वर्षी जूनमध्ये तो, त्याची पत्नी आणि आईवडील यांनी ओढ्यात बुडून बाप्तिस्मा घेतला. पुढे दर रविवारी प्रभुभोजन, प्रत्येक स्थानिक मंडळीचा कारभार तिथल्याच वडिलांच्या हाती आणि कोणताही लिखित मतांगीकार नाही, अशी त्यांची घडी बसली.

वॉल्टर स्कॉट या त्यांच्या सहकाऱ्याने ही शिकवण मुलांना पाच बोटांवर मोजायला लावली: विश्वास, पश्चात्ताप, बाप्तिस्मा, पापांची क्षमा, पवित्र आत्म्याचे दान. मुले घरी जाऊन आईबापांना बोटे दाखवत आणि संध्याकाळच्या सभेला गर्दी होत असे. 1832 च्या पहिल्याच दिवशी लेक्सिंग्टनमध्ये स्टोन आणि कॅम्पबेल यांच्या गटांनी हस्तांदोलन करून एकी जाहीर केली. 1860 पर्यंत त्यांचे सभासद सुमारे दोन लाख झाले होते.

शास्त्र जिथे गप्प, तिथे काय करायचे?

एकीसाठी निघालेली ही माणसे पुन्हा का फुटली, हे समजायला घरातले एक उदाहरण पुरेसे आहे. आजी गेली. तिच्या हाताची पुरणपोळी पुन्हा तशीच व्हावी म्हणून दोन बहिणी तिची जुनी वही उघडतात. वहीत डाळ, गूळ, वेलदोडा सारे लिहिले आहे, पण जायफळाचा उल्लेख नाही. थोरली म्हणते, ‘आजीने लिहिले नाही, म्हणजे घालायचे नाही.’ धाकटी म्हणते, ‘आजीने नको म्हटले नाही, म्हणजे घालायला हरकत नाही.’ दोघींचेही आजीवर तितकेच प्रेम आहे. दोघीही वहीलाच प्रमाण मानतात. तरीही पोळी दोन चवींची होते. वहीतल्या शब्दांवरून त्यांच्यात वाद नाहीच. वाद आहे तो वहीत जे लिहिलेले नाही त्याचा अर्थ लावण्यावरून.

अमेरिकेत हेच झाले. नव्या करारात मिशनरी संस्था नाही, त्यामुळे 1849 मध्ये अमेरिकन ख्रिश्चन मिशनरी सोसायटी निघाली तेव्हा काहींनी विरोध केला. धर्मप्रचार स्थानिक मंडळीनेच करावा, वर संस्था नको, असे त्यांचे म्हणणे. नव्या करारात उपासनेत वाद्यांचा उल्लेख नाही. 1860 च्या सुमारास केंटकीतल्या मिडवे गावात मंडळीत छोटा पेटीवजा ऑर्गन आला आणि भांडण पेटले. एक गट म्हणाला, शास्त्र गप्प आहे म्हणजे मनाई आहे. दुसरा म्हणाला, शास्त्र गप्प आहे म्हणजे मोकळीक आहे.

यात उत्तर आणि दक्षिण राज्यांमधल्या यादवी युद्धाची भर पडली. युद्धाने दक्षिण कंगाल झाली. उत्तरेतल्या शहरी मंडळ्यांना मोठ्या इमारती आणि ऑर्गन परवडू लागले, तेव्हा दक्षिणेतल्या गरीब ग्रामीण मंडळ्यांना तो दिखाऊपणा वाटला. म्हणजे वादाची भाषा शास्त्राची असली तरी त्याखाली पैसा आणि प्रांत हेही होते. शेवटी 1906 च्या अमेरिकी धार्मिक जनगणनेत चर्चेस ऑफ ख्राइस्ट आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट ही दोन वेगळी नावे नोंदली गेली. चर्चेस ऑफ ख्राइस्टच्या बहुतेक मंडळ्या आजही वाद्यांशिवाय गातात. विसाव्या शतकात डिसायपल्समधूनही स्वतंत्र मंडळ्यांचा आणखी एक मोठा गट वेगळा झाला.

मूळ म्हणजे नेमके काय?

शास्त्राच्या मौनाचा अर्थ लावणे ही पहिली अडचण. दुसरी त्याहून खोल आहे. पहिल्या मंडळीत अनेक गोष्टी होत्या: विशिष्ट रीती, प्रेषितांचा अधिकार, भविष्यवाणी, आत्म्याची दाने, गरिबांसाठी सामाईक तिजोरी. त्यातले हरवले काय आणि परत आणायचे काय? उत्तर बदलले की चळवळ बदलते.

चौकट: कुणी काय परत आणू पाहिले?

- स्टोन-कॅम्पबेल (1804, 1809): पहिल्या मंडळीच्या रीती आणि एकी. बुडवून बाप्तिस्मा, दर रविवारी प्रभुभोजन, स्थानिक वडील.
- जोसेफ स्मिथ (1830): हरवलेला अधिकार. याजकपद आणि प्रेषित स्वर्गातून पुन्हा दिले गेले, असा दावा. हे लोक मॉर्मन म्हणून ओळखले जातात.
- ॲडव्हेंटिस्ट (1863): विल्यम मिलर यांनी शास्त्रातल्या भविष्यवाण्यांवरून येशूच्या पुनरागमनाचा काळ काढला. अखेरीस ठरलेला 22 ऑक्टोबर 1844 हा दिवस निराशेत गेला. त्यातून सावरलेल्यांपैकी एका गटाने सातव्या दिवसाचा शब्बाथ पुन्हा पाळायला घेतला.
- चार्ल्स टेझ रसेल (1879 पासून): मूळ शिकवण. त्रैक्याचा सिद्धांत शास्त्रात नाही, असे त्यांचे मत. त्यांच्या अनुयायांनी 1931 मध्ये ‘यहोवाचे साक्षीदार’ हे नाव घेतले.
- पेंटेकोस्टल (विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून): आत्म्याची दाने. अन्य भाषांत बोलणे, आजार बरे होणे, भविष्यकथन.

कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्च या सगळ्यांना एकच उत्तर देतात. पहिली मंडळी कधी हरवलीच नाही, ती आमच्यात अखंड चालत आली आहे, त्यामुळे पुनर्स्थापनेचा प्रश्नच येत नाही. हा मतभेद पुराव्याने मिटणारा नाही, कारण तो इतिहासाकडे कसे पाहायचे यावरचा आहे.

नगरला आलेले अमेरिकन कोण होते?

नगर जिल्ह्यात आलेले अमेरिकन मिशनरी कॅम्पबेलच्या गटातले नव्हते. ते मुख्यतः न्यू इंग्लंडमधले काँग्रिगेशनल. पण त्यांचा जन्म त्याच धार्मिक जागृतीतला. केन रिजच्या पाच वर्षांनंतर, 1806 मध्ये, मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजचे काही विद्यार्थी वादळात गवताच्या गंजीच्या आडोशाला थांबले आणि तिथेच त्यांनी परदेशी कार्यासाठी प्रार्थना केली. त्यातून 1810 मध्ये अमेरिकन बोर्ड ही संस्था उभी राहिली. तिचे मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईला पोहोचले. डिसेंबर 1831 मध्ये ग्रेव्हज, हर्वी आणि रीड यांनी नगरला काम सुरू केले. हर्वी पुढच्याच वर्षी पटकीने गेले.

काँग्रिगेशनल पद्धतीत प्रत्येक मंडळी आपला पाळक निवडते आणि आपला कारभार स्वतः पाहते. बिशपची गरज नाही. ही पद्धतही इंग्लंडातल्या प्युरिटनांनी नव्या करारावरूनच काढलेली. म्हणजे मुळाकडे जाण्याची ओढ कॅम्पबेलच्या दोन शतके आधीची आहे. फरक एवढाच की काँग्रिगेशनल लोकांनी बाळांचा बाप्तिस्मा कायम ठेवला.

ही ओढ नगरमध्ये प्रत्यक्षात उतरली ती 1854 मध्ये. बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन पाहणीसाठी भारतात आले. त्यांचा युक्तिवाद थेट नव्या करारातून आलेला होता. पौल गावोगाव गेला, छोट्या मंडळ्या स्थापन केल्या, तिथल्याच माणसांना वडील नेमले आणि पुढे निघाला. मग मिशनरींनी एकाच ठिकाणी ठाण मांडून इंग्रजी शाळा का चालवाव्यात? मंडळीने आपला कारभार, आपला खर्च आणि आपला प्रसार स्वतः करावा, हे अँडरसनचे सूत्र. त्या वर्षी हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना नगरला पाळकपदाची दीक्षा मिळाली. इंग्रजी शिक्षणावरचा भर कमी झाला आणि नेवासा, राहुरी, शेवगाव या भागांतल्या खेड्यांत मराठी मंडळ्या उभ्या राहू लागल्या. वडाळ्याला फेअरबँक हे मिशनरी कुटुंब अनेक दशके राहिले. इंग्रजीला दिलेला नकार अनेक शिकू इच्छिणाऱ्या मुलांना महागात पडला, हेही तितकेच खरे. पहिल्या शतकाचा नमुना एकोणिसाव्या शतकाच्या गरजांवर बसवताना काही तरी निसटतेच.

खेड्यातल्या या मंडळ्यांत बहुसंख्य माणसे महार आणि मांग समाजातली होती. त्यांच्यासाठी ‘एकाच ताटातले प्रभुभोजन’ हा केवळ धर्मशास्त्राचा मुद्दा नव्हता. गावच्या पाणवठ्यावर मज्जाव असलेल्या माणसाला इतरांबरोबर एकाच पेल्यातून पिता येणे, हा समतेचा रोखठोक अनुभव होता. पहिल्या मंडळीत दास आणि मालक एकत्र बसत, हे वाचून त्यांना जे मिळाले ते केंटकीतल्या शेतकऱ्याला मिळणे शक्य नव्हते.

पण नगरमध्येही एकाच मंडळीचे राज्य राहिले नाही. 1870 च्या दशकात अँग्लिकनांची एसपीजी ही संस्था याच जिल्ह्यात उतरली. त्याच शतकाच्या अखेरीस कॅथलिकांचे जेझुइट फादर आले. एकाच गावात, कधी एकाच भावकीत, एक घर अमेरिकन मिशनचे, दुसरे एसपीजीचे, तिसरे कॅथलिक असे झाले. ज्या सीमा केंटकीत निरर्थक वाटल्या होत्या, त्या आता नेवाशाच्या रानात येऊन पोहोचल्या.

टिळक आणि रमाबाई: मराठी मातीतला शोध

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा जन्म 1861 चा. प्रवासात आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि डोंगरावरील प्रवचनाने त्यांना ओढून घेतले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचे पुढचे आयुष्य मुख्यतः नगर आणि राहुरी इथे गेले. मिशनरी रॉबर्ट ह्यूम यांच्याबरोबर त्यांनी पाळक घडवण्याचे काम केले. 1842 मध्ये नगरलाच सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन केले. अभंग आणि कीर्तन मराठी उपासनेत रुजवण्यात त्यांचा वाटा फार मोठा.

टिळकांचा प्रश्न कॅम्पबेलसारखाच होता: ख्रिस्त आणि मी यांच्यामध्ये हे इतके काय उभे आहे? पण त्यांचे उत्तर अगदी वेगळे आले. कॅम्पबेलला पहिल्या मंडळीची नेमकी रीत हवी होती. टिळकांना हवे होते गुरूभोवती जमलेले शिष्य. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, साताऱ्याला गेले आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही शिष्य येऊ शकत होते. ज्या बाप्तिस्म्यावरून अमेरिकेत मंडळ्या फुटल्या, तो टिळकांनी दरवाजाची अट म्हणून ठेवलाच नाही. 9 मे 1919 रोजी ते गेले, त्यामुळे दरबाराला रुजायला दोनच वर्षे मिळाली. तरी मूळ शोधण्याचा एक पूर्ण वेगळा मार्ग त्यांनी दाखवला.

नगरच्या शेजारच्या दौंड तालुक्यात केडगावला पंडिता रमाबाईंनी तिसरा मार्ग घेतला. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर लगेचच त्या अँग्लिकन भगिनींशी वाद घालत होत्या. चर्चने सांगितले म्हणून नव्हे, स्वतः शास्त्र वाचून पटेल तेच मानेन, हा त्यांचा हट्ट होता. त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 मध्ये झालेली जागृती जगभर गाजली आणि पेंटेकोस्टल चळवळीच्या इतिहासात तिला ठळक स्थान आहे. पण त्यांचे सगळ्यांत चिवट काम म्हणजे बायबलचा मराठी अनुवाद. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खेड्यातल्या अर्धशिक्षित बाईला वाचता यावे असे सोपे मराठी त्यांना हवे होते. छपाई मुक्तीतल्याच छापखान्यात, तिथल्या मुलींच्या हातून झाली. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या, त्याच्या थोडेच आधी अनुवाद पूर्ण झाला होता. मुळाकडे जाणे म्हणजे मूळ भाषेकडे जाणे आणि तिथून सर्वांत साध्या वाचकापर्यंत येणे, असा त्यांनी अर्थ लावला.

नागपूरला भेटलेल्या दोन वाटा

कॅम्पबेलच्या परंपरेतले डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट 1882 मध्ये भारतात आले. मध्य प्रांतातले हरदा आणि बिलासपूर ही त्यांची महत्त्वाची केंद्रे. नगरच्या काँग्रिगेशनल मंडळ्या 1924 मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात सामील झाल्या. 1929 पासून उत्तर भारतातल्या चर्चांच्या एकीकरणाच्या वाटाघाटी सुरू झाल्या आणि चार दशके चालल्या. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्चे एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय, स्थापन झाले. त्या सहांमध्ये नगरच्या मंडळ्या ज्यात होत्या ते चर्च होते, एसपीजीच्या परंपरेतले अँग्लिकन होते, डहाणू-पालघर आणि दक्षिण गुजरातेत काम केलेले चर्च ऑफ द ब्रेदरन होते आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्टही होते. अमेरिकन मेथडिस्ट परंपरेतले चर्च मात्र शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिले.

ही एकी झाली कशी? बाप्तिस्म्याचा प्रश्न त्यांनी कुणाला हरवून सोडवला नाही. बाळांचा बाप्तिस्मा आणि जाणत्या वयातला विश्वासाचा बाप्तिस्मा, दोन्ही पद्धती एकाच चर्चमध्ये मान्य केल्या. कारभारात बिशप ठेवले, पण ते घटनेने बांधलेले. सोबत पाळक आणि वडिलांच्या परिषदा ठेवल्या आणि स्थानिक मंडळीचेही स्थान राखले. अँग्लिकन, प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल या तिन्ही पद्धतींचा अंश एकाच घटनेत आला. नगरच्या मंडळ्या नाशिक धर्मप्रांताखाली आल्या. ज्यांच्या पूर्वजांनी बिशप नको म्हणून समुद्र ओलांडला होता, त्यांच्या मराठी वारसांनी बिशप स्वीकारला.

हे सगळे सुरळीत झाले असे नाही. आपली स्वायत्तता गेली, असे अनेकांना वाटले. काही मंडळ्या बाहेर राहिल्या. मालमत्तेवरून वर्षानुवर्षे न्यायालयात खटले चालले. कागदावरची एकी जमिनीवर उतरायला पिढ्या लागतात.

या इतिहासाचा निष्कर्ष

पुनर्स्थापना चळवळ ज्यांनी सुरू केली ती प्रामाणिक, धाडसी माणसे होती. साध्या माणसाच्या हाती ग्रंथ द्यावा आणि त्याच्या बुद्धीवर विश्वास ठेवावा, ही त्यांची देणगी मोठी आहे. त्यांची चूक एकच. ग्रंथ वाचला की सगळे एकाच अर्थाला पोहोचतील, असे त्यांनी गृहीत धरले. तसे होत नाही, कारण वाचणारा आपला काळ, आपला प्रांत, आपली गरज घेऊनच वाचतो. कॅम्पबेलला रीत दिसली, स्मिथला अधिकार, खेड्यातल्या महार विश्वासणाऱ्याला समता, टिळकांना गुरू, रमाबाईंना भाषा.

ही गोष्ट ख्रिस्ती धर्मापुरती नाही. ‘मूळ शुद्ध रूपाकडे परत चला’ ही हाक प्रत्येक धर्मात आणि विचारसरणीत वेळोवेळी उठते. अशी हाक कानी पडली की वाचकाने दोन प्रश्न जरूर विचारावेत: मुळातले नेमके काय परत आणायचे आहे, ते कुणी ठरवले? आणि जिथे मूळ ग्रंथ गप्प आहे, तिथे दुसऱ्याला वेगळे वागण्याची मोकळीक आहे का? पहिल्या प्रश्नावर माणसांचे एकमत आजवर झालेले नाही. दुसऱ्याचे उत्तर ‘आहे’ असे देणाऱ्यांनाच एकत्र राहणे जमले आहे.